कान्हेरी: मूर्तींच्या आधी टाकी पाहा

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, मुख्य दरवाजापासून सुमारे 6 किलोमीटर आत, डोंगराच्या उतारावर कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. येणारे बहुतेक जण पायऱ्या चढतात, तिसऱ्या लेण्यातला मोठा बुद्ध पाहतात, फोटो काढतात आणि आणखी आठ-दहा लेण्यांत डोकावून ‘सगळी सारखीच आहेत’ म्हणत उतरतात. तक्रार रास्त आहे. ती सारखी आहेत, कारण त्यातली बहुसंख्य लेणी म्हणजे राहायच्या खोल्या आहेत. कान्हेरी हे मंदिर नव्हे, वसाहत आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास ती सुरू झाली आणि जवळपास हजार वर्षं चालली. जुन्या लेखांत डोंगराचं नाव ‘कण्हसेल’ येतं, नंतरच्या संस्कृत लेखांत ‘कृष्णगिरी महाविहार’.

सह्याद्रीतली बरीच बौद्ध लेणी सातव्या शतकापर्यंत ओस पडू लागली होती. कान्हेरीत मात्र नवव्या शतकात देणग्या येत होत्या, चीवरांची, म्हणजे भिक्षूंच्या वस्त्रांची, आणि पुस्तकांची सोय लावली जात होती. हे कसं जमलं याचं उत्तर मूर्तींपेक्षा जमिनीतल्या टाक्यांत आणि भिंतीवरच्या हिशेबांत जास्त आहे. म्हणून सुरुवात पाण्यापासून करू.

पाण्याचा हिशेब

इथे पाऊस जून ते सप्टेंबर पडतो, साधारण 2000 ते 2500 मिलिमीटर. उरलेले आठ महिने डोंगर कोरडा. खालच्या घळीतला ओढाही उन्हाळ्यात आटतो. म्हणजे भिक्षूंना वर्षभर इथे राहायचं तर चार महिन्यांचं पाणी आठ महिने पुरवावं लागणार. विहीर खोदून भागत नाही, कारण उतारावर घट्ट कातळ आहे. पण हाच कातळ पाणी मुरू देत नाही, ही जमेची बाजू. 100 चौरस मीटर उघड्या कातळावर 2000 मिलिमीटर पाऊस म्हणजे 2 लाख लिटर पाणी. उडालेलं, सांडलेलं वजा केलं तरी दीड लाख लिटर हाताशी येऊ शकतं. अडचण असते ती हे पाणी अडवण्याची आणि स्वच्छ ठेवण्याची.

त्यासाठी काय केलं ते अजून जागेवर दिसतं. लेण्यांच्या माथ्यावर चढलात की कातळात चार बोटं ते वीतभर रुंदीच्या पन्हळी कोरलेल्या दिसतात. त्या उताराला तिरक्या जातात. सरळ खाली उतरवली असती तर पन्हळ पाण्याच्या वेगाने काठ ओलांडून वाहिली असती. तिरकी नेल्यामुळे पाणी सावकाश येतं आणि हव्या त्या तोंडाशी पोचतं. काही ठिकाणी टाक्याच्या आधी उथळ खड्डा आहे. त्यात माती, पालापाचोळा खाली बसतो आणि वरचं निवळ पाणी पुढे जातं. लेण्याच्या दर्शनी भागावर, छज्जाच्या वर, आणखी एक पन्हळ आडवी असते. तिचं काम उलटं: पाणी आत येऊ न देता बाजूला काढणं. हीच पन्हळ बुजली की पाणी थेट ओसरीत गळतं. आज अनेक लेण्यांच्या छतावर जे काळे-हिरवे ओघळ दिसतात, त्यामागे बहुतेक वेळा वरची बुजलेली पन्हळ किंवा दगडातली भेग असते.

टाकं, म्हणजे शिलालेखांतली ‘पोढी’, सहसा अंगणाच्या एका बाजूला असतं. वरून तोंड लहान, जेमतेम माणूस उतरेल एवढं, आणि आत पोट मोठं, कधीकधी लेण्याच्या जमिनीखालपर्यंत गेलेलं. तोंड लहान ठेवलं की बाष्पीभवन कमी होतं, आत अंधार राहतो, शेवाळ धरत नाही. तोंडाभोवती एक खाच असते, झाकण बसवण्यासाठी. समजायला एक उदाहरण घ्या: 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 2 मीटर खोल टाकं म्हणजे 12,000 लिटर. कोरडे दिवस 240 धरले तर रोजचे 50 लिटर. दोन-तीन भिक्षूंचं पिणं, धुणं, पात्र विसळणं त्यात भागतं. म्हणूनच जवळपास प्रत्येक निवासी लेण्याला स्वतःचं टाकं आहे, एखादा मोठा सामाईक तलाव पुरला नसता. सामाईक साठाही होताच. दोन डोंगरांमधल्या घळीत दगडी बंधाऱ्याचे अवशेष आहेत. तिथे ओढ्याचं पाणी अडवलं जाई.

पाणी हे इथे किती मोलाचं दान होतं, ते पाचव्या लेण्याजवळच्या टाक्यावरच्या लेखातून कळतं. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णी याची राणी पश्चिमी क्षत्रपांच्या कार्दमक कुळातली, महाक्षत्रपाची मुलगी. सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप हे एकमेकांचे हाडवैरी, त्यामुळे या सोयरिकीचा हा पुरावा इतिहासकारांना फार महत्त्वाचा वाटतो. लेख मुळात आहे तो राणीशी जोडलेल्या शतेरक नावाच्या अमात्याने (मंत्र्याने) दिलेल्या पाण्याच्या टाक्याचा. इथले त्या काळचे बहुतेक लेख प्राकृतात आहेत, हा मात्र संस्कृतात.

एक खोली, एक ओटा

साध्या लेण्याची रचना एकदा नीट समजली की बाकीची झपाट्याने वाचता येतात. आधी छोटं अंगण, त्याच्या कडेला दगडी बाक. मग दोन खांबांची ओसरी. मग दार, एखादी खिडकी आणि आत लहानसा दालनवजा भाग, ज्याच्या एका-दोन भिंतींना लागून ओटा. त्याला जोडून निजायची खोली, तिच्यातही दगडी ओटा. अंथरूण-पांघरूण गवताचं वा कापडाचं असणार, ते गेलं. राहिल्या त्या खाचा. दाराच्या चौकटीत वर आणि खाली गोल खळगे शोधा. लाकडी दाराची खुंटी त्यात फिरत असे. भिंतीत दिव्यासाठी कोनाडे आहेत. ओसरीच्या पुढे जमिनीत आणि वर दगडात समोरासमोर भोकं दिसली तर तिथे पावसाळ्यात लाकूड-बांबूचा आडोसा बांधत असले पाहिजेत. पश्चिमेचा झोडपता पाऊस दोन खांबांनी अडत नाही.

कोरणारे वरून खाली येत. आधी छताची पातळी, मग भिंती, शेवटी जमीन. यामुळे मचाण लागत नाही आणि फुटलेला दगड खालून ओढून काढता येतो. पहिल्या क्रमांकाचं लेणं अर्धवट सुटलेलं आहे आणि त्यामुळेच शिकायला उत्तम. दुमजली दर्शनी भागाचा बेत होता, मोठे खांब बाहेर काढले आणि काम थांबलं. लोक ते ओलांडून पुढे जातात. वास्तविक अख्ख्या डोंगरात काम कसं चालायचं हे इतकं उघड दुसरीकडे क्वचितच दिसतं.

दगडाबद्दल एक गोष्ट. सरसकट ‘बेसाल्ट’ असं लिहिलं जातं, पण कान्हेरीच्या कातळात ज्वालामुखीय ब्रेशिया भरपूर आहे: लाव्हाचे तुकडे, राख असं एकत्र घट्ट झालेलं मिश्रण. कोरायला तो घट्ट बेसाल्टपेक्षा सोपा. झिजताना मात्र तो सारखा झिजत नाही. मऊ भाग आधी जातो, खडे उघडे पडतात आणि कोरलेला पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. अक्षरं आणि चेहरे सगळ्यात आधी जातात ते यामुळे.

तिसरं लेणं: चार काळ एका जागी

चैत्यगृह, म्हणजे सामूहिक पूजेचं दालन, सुमारे 26 मीटर लांब, 13 मीटर रुंद आणि जवळजवळ तितकंच उंच आहे. आत 34 खांब आणि टोकाला स्तूप. नमुना उघड उघड कार्ल्याचा, पण आकाराने लहान. कार्ल्याचं चैत्यगृह 37 मीटरच्या पुढे जातं. खांब मोजत चाला. एका बाजूचे 6 आणि दुसऱ्या बाजूचे 11 खांब घटासारखी बैठक आणि कोरीव शीर्ष असलेले आहेत, बाकीचे साधे अष्टकोनी. काम आखल्याप्रमाणे पुरं झालं नाही. छताच्या कमानीत कार्ल्याला अजून लाकडी फासळ्या टिकून आहेत. इथल्या गेल्या, खाचा उरल्या.

प्रवेशद्वाराजवळचा लेख यज्ञश्री सातकर्णीच्या काळचा, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला. दाते गजसेन आणि गजमित्र हे व्यापारी भाऊ. कामावर देखरेख करणारा भिक्षू, नवकर्मिक भदंत बोधिक, याचंही नाव लेखात आहे आणि दगड घडवणाऱ्या-घासणाऱ्या कारागिरांचाही उल्लेख आहे. ही नोंद महत्त्वाची, कारण संघात बांधकामासाठी वेगळा जबाबदार माणूस नेमलेला असे हे त्यातून कळतं.

हा पहिला थर. दुसरा थर ओसरीच्या दोन टोकांना: सुमारे 7 मीटर उंचीचे दोन उभे बुद्ध. ते साधारण पाचव्या-सहाव्या शतकातले, चैत्यगृहानंतर तीनशे वर्षांनी. आधीच्या काळात बुद्धाची मूर्ती कोरत नसत, स्तूपच पुरे होता. नंतर मूर्तिपूजा आली तेव्हा नवं चैत्यगृह न खोदता जुन्याच भिंतींवर मूर्ती कोरल्या. कान्हेरीत सर्वत्र हाच क्रम लावा: साधी, ओट्याची खोली आधीची, तिच्या भिंतीवर दाटीवाटीने बसवलेले, एकमेकांच्या रेषेत नसलेले बुद्ध-बोधिसत्त्व नंतरचे. मूर्तीचं पटल जुन्या ओट्याला किंवा लेखाला छेदत असेल तर क्रम आपोआप ठरतो.

तिसरा थर अंगणातला. इथे चिरे आणि विटांचे स्तूप होते. 1839 मध्ये जेम्स बर्ड याने त्यातला एक उकरला तेव्हा तांब्याचे करंडे आणि ताम्रपट सापडला. ताम्रपटावर त्रैकूटक राजवटीचं वर्ष 245, म्हणजे इसवी सन 494-95. सिंधु देशातून आलेल्या बुद्धरुची याने ‘कृष्णगिरी महाविहारा’त शारद्वतीपुत्राच्या, म्हणजे सारिपुत्ताच्या नावाने चैत्य बांधल्याचं त्यात लिहिलं आहे. पण उकरण्याची त्या काळची रीत अशी, की स्तूप मोडला आणि विटा गेल्या. कुठला थर कुठे होता याची नोंद जपली गेली नाही.

चौथा थर पोर्तुगीज. 1534 मध्ये वसईच्या तहाने साष्टी, म्हणजे कान्हेरीचा डोंगर ज्यावर आहे ते बेट, त्यांच्याकडे गेली, आणि फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियु दु पोर्तु याने हे चैत्यगृह चर्च म्हणून वापरात आणलं. याच पाद्र्याबद्दल पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोउतु याने एक कथा नोंदवली आहे: कान्हेरीचं भुयार गुजरातेतल्या खंबायतपर्यंत जातं असं ऐकून तो आत शिरला आणि सात दिवस चालून परत आला. इथे सगळ्यात खोल जाणारं दालन ते 26 मीटरांचं चैत्यगृहच, तेव्हा सात दिवस कुठे चालले हे त्यांनाच ठाऊक.

मधोमध दोन ओटे

अकराव्या लेण्याला ‘दरबार’ म्हणतात, जुन्या पुस्तकांत त्याचाच क्रमांक 10 असू शकतो. कान्हेरीचे क्रमांक मध्यंतरी बदलले आहेत. जुन्या ग्रंथातलं वर्णन समोरच्या लेण्याशी जुळेना तर आधी हे तपासा. दालन सुमारे 22 मीटर लांब, आणि जमिनीवर मधोमध दोन बुटके, लांबच लांब दगडी ओटे. वेरुळच्या पाचव्या लेण्यात असेच आहेत. काहींच्या मते भोजनाची जागा, काहींच्या मते समोरासमोर बसून पाठ करण्याची. दोन्ही उपयोग एकाच जागी होणं अशक्य नाही. भोजनाच्या बाजूने इतकं म्हणता येतं, की ओट्यांची उंची बसण्यापेक्षा समोर पात्र ठेवायला सोयीची वाटते.

याच लेण्यात शके 775 (इसवी सन 853-54) चा लेख आहे. वर राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष, त्याच्या हाताखाली उत्तर कोकणचा शिलाहार कपर्दी दुसरा. दाता अविघ्नाकर, गौड देशचा, म्हणजे बंगालकडचा. त्याने ध्यानासाठी खोल्या करवल्या आणि 100 द्रम्म (त्या काळची नाणी) ‘अक्षयनीवी’ म्हणून ठेवले. दहा वर्षं आधीच्या, शके 765 च्या, दुसऱ्या एका लेण्यातल्या लेखात शिलाहार पुल्लशक्तीच्या वृद्ध अमात्याने दिलेल्या दानाची वाटणी आहे. पडझडीची दुरुस्ती, चीवरं आणि पुस्तकं अशा बाबी वेगवेगळ्या काढलेल्या. नवव्या शतकात इथे पोथ्या होत्या आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र खर्च मंजूर होता.

अक्षयनीवी म्हणजे काय

सोप्या शब्दांत, मुद्दलाला हात न लावता फक्त व्याज वापरायचं अशी कायमची मुदत ठेव. याचं सगळ्यात स्वच्छ गणित कान्हेरीत नाही, नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने 3000 कार्षापण (नाणी) विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघटनांकडे, ठेवले. 2000 वर दरमहा शेकडा 1, म्हणजे वर्षाला 240. त्यातून 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी. 240 बरोबर बसतात. उरलेल्या 1000 वर शेकडा पाऊण, म्हणजे वर्षाला 90, किरकोळ खर्चाला. विणकरांना भांडवल मिळालं, संघाला कापडाचा पैसा.

कान्हेरीच्या लेखांत चीवरासाठी 16 कार्षापणांचा आकडा येतो. शिवाय नुसता पैसा नाही, जमीनही. मंगलठाण गावातलं शेत संघाला दिल्याचा उल्लेख आहे. ते आजचं मागाठाणे, बोरिवलीतलंच. तिथेही बौद्ध लेणी आहेत, आता वस्तीने वेढलेली आणि फार वाईट अवस्थेत. म्हणजे डोंगरावरच्या विहाराचं धान्य पायथ्याच्या शेतातून येत होतं.

दाते कुठले? कल्याणचे सर्वांत जास्त, मग सोपारा, चेमूल (चौल), नाशिक, पैठण. सोनार, लोहार, जवाहिऱ्या, व्यापारी, भिक्षू आणि भिक्षुणीसुद्धा. नकाशा समोर ठेवला तर उत्तरेला सोपारा, पूर्वेला कल्याण, दक्षिणेला चौल ही बंदरं आणि मधोमध कान्हेरी. भिक्षू एकांतात राहत हे खरं, पण हा एकांत गिऱ्हाइकी असलेल्या बंदरांपासून फार लांब नव्हता. सहाव्या शतकात याच साष्टीत आणि आसपास जोगेश्वरी, मंडपेश्वर, घारापुरी ही शैव लेणी उभी राहत होती. राजाश्रयाचं वारं फिरलं तरी कान्हेरी टिकली, कारण तिची मिळकत एका राजावर अवलंबून नव्हती. ठेव बुडाली तरच अडचण. असं माझ्या वाचनात कुठल्या एका लेखात लिहिलेलं नाही, पण लेख एकत्र ठेवले की हेच दिसतं.

मेलेल्यांची जागा

डोंगराच्या कडेला, 87 क्रमांकाच्या लेण्याच्या परिसरात पुढे झुकलेल्या कातळाखाली विटांच्या लहान स्तूपांचे पाये आहेत. ही स्मशानभूमी आहे, असा मान फक्त थोर भिक्षूंना मिळे. पुराभिलेखतज्ज्ञ डॉ. शोभना गोखले यांनी इथले स्मृतिलेख वाचले. त्यांत स्थविरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, नावं आणि ‘अर्हत’सारख्या पदव्या आहेत. लिपी पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपासची. पर्यटक इथे क्वचित येतात. आलात तर स्तूपांच्या पायांवर उभे राहू नका. विटांची वरची रांग हलली की पाऊस आत शिरतो आणि उरलेला गाभा एका हंगामात फुगून सुटतो.

जाता-जाता दोन लेणी चुकवू नयेत. 41 मध्ये अकरा तोंडांचा अवलोकितेश्वर (करुणेचा बोधिसत्त्व) आहे; भारतातल्या लेण्यांत असा दुसरा नाही. 90 मध्ये आठ महाभयांतून तारणारा अवलोकितेश्वर, आणि त्याच लेण्यात भिंतीवर पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख. 10 ऑक्टोबर 1009, 24 नोव्हेंबर 1009 आणि 30 ऑक्टोबर 1021 या तारखांना येऊन गेलेल्या जरथुश्त्री पाहुण्यांनी आपली नावं कोरली आहेत. तिन्ही भेटी पावसाळा संपल्यानंतरच्या, जेव्हा वाटा सुकतात आणि टाकी भरलेली असतात.

पाहायला जाताना

उद्यान सोमवारी बंद असतं. दोन तिकिटं लागतात, एक उद्यानाचं, दुसरं लेण्यांजवळ पुरातत्त्व विभागाचं. पाण्याची व्यवस्था चालू असलेली पाहायची तर जुलै-ऑगस्ट. पन्हळी वाहत्या दिसतात, पण कातळ शेवाळाने निसरडा असतो, माथ्यावर चढू नये. लेख वाचायचे किंवा फोटोत टिपायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी लवकर किंवा दुपारी उशिरा. तिरपं ऊन अक्षराच्या खाचेत सावली टाकतं. भर दुपारी तीच भिंत कोरी दिसते. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पाणी, तेल काहीही लावू नका. पाण्याने क्षार वर येतात आणि पापुद्रा सुटतो.

काही खांब अगदी गुळगुळीत, चौकोनी आणि एकसारख्या रंगाचे दिसतील. ते अलीकडच्या दुरुस्तीतले आहेत. मूळ खांब तुटल्यावर वरचं छत पेलायला ते घातले. कोरीव काम न करता साधे ठेवले ते योग्यच, कारण मूळ कुठलं आणि नवं कुठलं हे त्यामुळे स्पष्ट राहतं. टाक्यांत प्लास्टिकच्या बाटल्या टाकणाऱ्यांना एवढंच सांगायचं, की त्यातली काही टाकी आजही पाणी धरतात आणि उन्हाळ्यात उद्यानातले प्राणी तेच पितात.